राखीव शर्ती आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र

राखीव शर्त म्हणजे एखाद्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना, त्यास अनुसमर्थन देताना किंवा त्यात नंतर सामील होताना राष्ट्राने केलेले एकतर्फी निवेदन होय. या निवेदनामुळे करारातील विशिष्ट तरतुदींचा कायदेशीर परिणाम त्या राष्ट्रापुरता वगळला जातो किंवा बदलतो. इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही या संकल्पनेसाठी काही वेळा ‘आरक्षण’ हा शब्द वापरला जातो. परंतु शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षणाशी तिचा काहीही संबंध नसल्याने या लेखात ‘राखीव शर्त’ हा शब्दप्रयोग केला आहे.

राष्ट्रे ज्या तरतुदींना राखीव शर्ती जोडतात, त्यांत न्यायालयीन तरतुदींचे प्रमाण मोठे असते. करारातील कर्तव्ये मान्य, पण त्यांवरून वाद झाल्यास नेदरलँड्समधील हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे येणे मान्य नाही, अशी भूमिका अनेक राष्ट्रांनी घेतली आहे. अशी शर्त असेल तर न्यायालय तक्रारीच्या खरेखोटेपणात शिरूच शकत नाही. शर्त नसेल तर एरवी हेगला जाण्यास नाखूश असलेल्या राष्ट्रालाही तेथे उत्तर द्यावे लागते. सांगली येथे जन्मलेले व मूळचे सातारा जिल्ह्यातील आनेवाडीच्या कुटुंबातील निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या संदर्भात भारताने २०१७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दाखल केलेला खटला हे याचे महाराष्ट्राला सर्वांत परिचित असलेले उदाहरण आहे.

न्यायालयाला अधिकार कोठून मिळतो

देशांतर्गत न्यायालयाचा अधिकार कायद्याने ठरतो. सातारा किंवा सांगली येथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला, तर ‘मला हे न्यायालय मान्य नाही’ असे म्हणून प्रतिवादीची सुटका होत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाची स्थिती नेमकी उलट आहे. राष्ट्रे सार्वभौम मानली जात असल्यामुळे त्यांच्या संमतीवाचून कोणताही वाद या न्यायालयापुढे चालत नाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले प्रत्येक राष्ट्र न्यायालयाच्या संविधीचा पक्षकार असते. तथापि केवळ सदस्यत्वाने संमती मिळाली असे होत नाही. ती स्वतंत्रपणे द्यावी लागते.

संविधीच्या कलम ३६ मध्ये संमतीचे प्रमुख मार्ग सांगितले आहेत.

पहिला मार्ग परिच्छेद १ मधील आहे. दोन राष्ट्रे विशिष्ट वाद आपसांत ठरवून न्यायालयाकडे नेऊ शकतात. तसेच एखाद्या करारातच ‘या कराराच्या अर्थाविषयी किंवा अंमलबजावणीविषयी वाद झाल्यास तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेता येईल’ असे कलम असू शकते. कधी हे कलम मूळ करारात न घालता वेगळ्या ऐच्छिक पूरक करारात ठेवले जाते, म्हणजे ज्यांना न्यायालय नको असेल त्यांना मूळ करारात सामील होणे सोपे जाते.

दुसरा मार्ग परिच्छेद २ मधील आहे. यानुसार राष्ट्र एकतर्फी घोषणापत्र देऊन, तसेच घोषणापत्र देणाऱ्या इतर राष्ट्रांच्या संदर्भात, न्यायालयाचा अनिवार्य अधिकार मान्य करते. सत्तरहून अधिक राष्ट्रांनी अशी घोषणापत्रे दिली आहेत व त्यांपैकी अनेकांनी त्यांना लहानमोठे अपवाद जोडले आहेत.

एखाद्या प्रकरणात अधिकार आहे की नाही, असा वाद उद्भवल्यास त्याचा निर्णय कलम ३६ च्या परिच्छेद ६ नुसार न्यायालय स्वतःच करते.

राखीव शर्तीचे दोन प्रकार

अधिकारक्षेत्राच्या संदर्भात ‘राखीव शर्त’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. हा भेद लक्षात न घेतल्यास अनेक निकालांचा अर्थ उलगडत नाही.

करारास जोडलेली शर्त त्या एका करारापुरतीच असते. तिचे नियम १९६९ च्या करारविषयक कायद्याच्या व्हिएन्ना करारात, कलम १९ ते २३ मध्ये आहेत. भारत या कराराचा पक्षकार नाही. मात्र त्यातील बरेचसे नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून मानले जातात. करारानेच मनाई केली असेल किंवा शर्त कराराच्या उद्दिष्टाशी व हेतूशी विसंगत असेल, तर ती घालता येत नाही. उद्दिष्टाची ही कसोटी न्यायालयाने २८ मे १९५१ रोजी वंशसंहार कराराविषयी दिलेल्या सल्लागार मतात प्रथम मांडली.

घोषणापत्रातील अपवाद हा कोणत्याही एका कराराचा भाग नसतो. कलम ३६ परिच्छेद २ खाली दिलेल्या सर्वसाधारण संमतीची ती कुंपणरेषा असते. ‘अमुक तारखेपूर्वीचे वाद नकोत’, ‘अमुक राष्ट्रांशी असलेले वाद नकोत’, ‘सीमेचे वाद नकोत’ असे त्याचे स्वरूप असते.

परस्परता

दोन्ही प्रकारांना परस्परतेचे तत्त्व लागू होते. एका राष्ट्राने घातलेल्या शर्तीचा लाभ समोरच्या राष्ट्रालाही घेता येतो.

हे गावातील व्यवहारावरून समजून घेता येईल. दोन भावांनी सामाईक विहिरीच्या पाण्याबाबतचे वाद पंचांकडे नेण्याचे ठरवले आणि थोरल्याने ‘उन्हाळ्यातील पाळीचा वाद मात्र पंचांकडे नको’ अशी अट लिहून घेतली. पुढे वैशाखात धाकट्याने पाणी तोडले आणि थोरला पंचांकडे गेला, तर धाकटा त्याच्याच अटीकडे बोट दाखवू शकतो. अट घालणारा ती स्वतःच्या सोयीसाठी घालतो, पण तिने दोघांचेही दार बंद होते.

न्यायालयाच्या इतिहासात याचे गाजलेले उदाहरण म्हणजे फ्रान्सने नॉर्वेविरुद्ध दाखल केलेला कर्जरोख्यांचा खटला. फ्रान्सने आपल्या घोषणापत्रात, स्वतःच्या मते जे विषय देशांतर्गत आहेत ते वगळले होते. नॉर्वेच्या घोषणापत्रात असा अपवाद नव्हता. नॉर्वेने फ्रान्सचाच अपवाद पुढे केला आणि ६ जुलै १९५७ रोजी न्यायालयाने तो मान्य करून अधिकार नसल्याचा निकाल दिला.

भारताचा अनुभव

पोर्तुगाल विरुद्ध भारत (१९५५–१९६०)

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली येथील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. या मुक्तिसंग्रामात महाराष्ट्रातील स्वयंसेवकांचा मोठा सहभाग होता. गायक-संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी एक होत. दमणहून या अंतर्गत प्रदेशांकडे जाण्यासाठी भारतीय भूमीवरून वाट मिळण्याचा आपला हक्क भारताने डावलला, असा दावा पोर्तुगालने केला. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी आपले घोषणापत्र दिले आणि अवघ्या तीन दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, खटला दाखल केला.

भारतावर त्या वेळी १९४० चे, म्हणजे ब्रिटिश राजवटीतील, घोषणापत्र बंधनकारक होते. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. घोषणापत्र दिल्याबरोबर खटला भरणे हा परस्परतेचा भंग आहे, वाद भारताच्या देशांतर्गत अखत्यारीतील आहे आणि तो घोषणापत्रातील ५ फेब्रुवारी १९३० या कालमर्यादेत बसत नाही, या त्यांतील काही महत्त्वाच्या हरकती. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायालयाने चार हरकती फेटाळल्या व उरलेल्या दोन मुख्य सुनावणीबरोबर ऐकण्याचे ठरवले. पुढे त्याही फेटाळल्या गेल्या. महान्यायवादी एम. सी. सेटलवाड यांनी भारताची बाजू मांडली, तर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला हे भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते.

१२ एप्रिल १९६० च्या अंतिम निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य मालाच्या वाहतुकीचा हक्क मान्य झाला. सशस्त्र दले, पोलीस व शस्त्रास्त्रे यांचा हक्क अमान्य झाला. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे ठरले. भारताला निकाल अनुकूल लागला, तरी घोषणापत्र सैल असेल तर समोरचे राष्ट्र तीन दिवसांत खटला उभा करू शकते, हा धडा मिळाला. खटला चालू असतानाच जानेवारी १९५६ मध्ये भारताने जुने घोषणापत्र मागे घेतले होते. त्यानंतरच्या घोषणापत्रांत अपवादांची यादी वाढत गेली. १९७४ च्या घोषणापत्रात, समोरच्या राष्ट्राने खटल्याआधी बारा महिन्यांच्या आत संमती दिली असेल तर तो वाद वगळण्याची तरतूदही आहे.

युद्धकैद्यांचा खटला (१९७३)

भारताने वंशसंहार करारास २७ ऑगस्ट १९५९ रोजी अनुसमर्थन देताना कलम ९ बाबत एक निवेदन जोडले. त्यानुसार कोणताही वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्यासाठी प्रत्येक प्रकरणी सर्व संबंधित पक्षांची संमती आवश्यक ठरते. बांगलादेश युद्धानंतर १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांना खटल्यासाठी बांगलादेशाच्या हवाली करण्याचा प्रश्न आला, तेव्हा मे १९७३ मध्ये पाकिस्तानने याच कलमाच्या आधारे भारताविरुद्ध धाव घेतली. भारताने आपल्या शर्तीचा हवाला देऊन संमती नाकारली. पुढे उभय देशांत वाटाघाटी झाल्या व डिसेंबर १९७३ मध्ये पाकिस्तानने खटला मागे घेतला. त्यामुळे शर्तीच्या वैधतेवर निकाल झाला नाही.

अटलांटिक विमान प्रकरण (१९९९–२०००)

१० ऑगस्ट १९९९ रोजी भारतीय हवाई दलाने कच्छ सीमेलगत पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ जातीचे विमान पाडले. त्यातील सर्व सोळा जण मृत्युमुखी पडले. पाकिस्तानने २१ सप्टेंबर १९९९ रोजी न्यायालयात अर्ज केला. भारताच्या १९७४ च्या घोषणापत्रात, जे राष्ट्र राष्ट्रकुलाचे सदस्य आहे किंवा पूर्वी होते, त्याच्याशी असलेले वाद वगळले होते. ही शर्त कालबाह्य व भेदभाव करणारी आहे, असा युक्तिवाद पाकिस्तानने केला. राष्ट्राला आपल्या संमतीची मर्यादा आखण्याची मुभा आहे, असे सांगून न्यायालयाने तो अमान्य केला आणि २१ जून २००० रोजी १४ विरुद्ध २ मतांनी आपल्याला अधिकार नसल्याचे जाहीर केले. विमान कोणाच्या हद्दीत होते, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातही लावला नाही. मात्र अधिकार नसला तरी वाद शांततेच्या मार्गाने सोडवण्याचे राष्ट्रांचे कर्तव्य संपत नाही, याची आठवण त्याने करून दिली.

जाधव खटला (२०१७–२०१९)

पार्श्वभूमी

कुलभूषण जाधव यांना ३ मार्च २०१६ रोजी बलुचिस्तानात अटक केल्याचा पाकिस्तानचा दावा आहे. ते इराणमध्ये व्यवसाय करीत होते व तेथून त्यांचे अपहरण झाले, असे भारताचे म्हणणे आहे. अटकेची माहिती भारताला २५ मार्च रोजी देण्यात आली. भारताने वारंवार मागणी करूनही भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट मिळाली नाही. हेरगिरी व दहशतवादाच्या आरोपांवरून लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड ठोठावल्याचे पाकिस्तानने १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर केले. ८ मे रोजी भारताने हेग येथे अर्ज दाखल केला.

अधिकाराचा आधार

दोन्ही देशांची घोषणापत्रे अपवादांनी भरलेली होती. भारताने त्या मार्गाने जाण्याचा प्रयत्न केला असता, तर २००० साली ज्या राष्ट्रकुल शर्तीने भारताला वाचवले, तीच परस्परतेच्या तत्त्वाने पाकिस्तानची ढाल ठरली असती. शिवाय दोन्ही घोषणापत्रांत बहुपक्षीय करारांवरील वादांबाबतचे अपवाद होते. पाकिस्तानने तर २९ मार्च २०१७ रोजी, म्हणजे शिक्षा जाहीर होण्याच्या बारा दिवस आधी, नवे घोषणापत्र देऊन राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित विषय वगळले होते.

म्हणून भारताने संपूर्ण खटला पहिल्या मार्गावर उभा केला. १९६३ च्या वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार, अटकेतील परदेशी नागरिकाला त्याचे हक्क सांगणे, त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतास कळवणे आणि वाणिज्यदूतास त्याला भेटू देणे, ही अटक करणाऱ्या राष्ट्राची कर्तव्ये आहेत. (न्यायालयाच्या संविधीतील कलम ३६ आणि या करारातील कलम ३६ यांचे क्रमांक सारखे असणे हा केवळ योगायोग आहे.) या करारास वाद-निवारणाचा एक ऐच्छिक पूरक करार जोडलेला असून त्याच्या पहिल्या कलमानुसार मूळ कराराच्या अर्थाविषयीचे व अंमलबजावणीविषयीचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अनिवार्य अधिकारात येतात. हा पूरक करार पाकिस्तानला एप्रिल १९७६ पासून व भारताला डिसेंबर १९७७ पासून लागू आहे. मूळ करारास किंवा पूरक करारास दोहोंपैकी कोणीही राखीव शर्त जोडलेली नाही.

न्यायालयाचा निर्णय

तातडीच्या अंतरिम उपायांवरील सुनावणी १५ मे २०१७ रोजी झाली. भारतातर्फे ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी, तर पाकिस्तानतर्फे खावर कुरेशी यांनी बाजू मांडली. घोषणापत्रांतील अपवाद या वादासही लागू होतात, हा पाकिस्तानच्या युक्तिवादाचा एक भाग होता. १८ मे रोजी न्यायालयाने एकमताने दिलेल्या आदेशात तो स्वीकारला नाही. कलम ३६ परिच्छेद २ खालील घोषणापत्रांतील अपवाद हे पूरक कराराने खास दिलेल्या अधिकाराच्या आड येऊ शकत नाहीत आणि म्हणून त्यांची अधिक तपासणी करण्याची गरज नाही, अशी त्याची मांडणी होती. अंतिम निर्णय होईपर्यंत जाधव यांना फाशी दिली जाऊ नये, यासाठी सर्व उपाय योजण्याचा आदेश पाकिस्तानला देण्यात आला.

या तत्त्वाला जुना आधार होता आणि तोही भारत-पाकिस्तान वादातलाच होता. १९७१ मध्ये भारतीय विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. त्यावरून उद्भवलेले अपील भारतानेच न्यायालयाकडे नेले होते. न्यायालयाला अधिकार नाही, असे म्हणताना पाकिस्तानने भारताच्या घोषणापत्रातील अपवाद पुढे केला होता. विमान वाहतूक करारांतील कलमांनी अधिकार मिळत असल्याने अन्य आधारांवरील हरकती विचारात घेण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी म्हटले. मूळ मुद्द्यावर मात्र ते अपील भारताच्या विरोधात गेले.

पाकिस्तानच्या इतर हरकतींची छाननी १७ जुलै २०१९ च्या अंतिम निकालात झाली. २१ मे २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार राजकीय किंवा सुरक्षाविषयक अटकेच्या प्रकरणी दोन्ही देशांना गुणवत्तेनुसार विचार करण्याची मुभा आहे, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. व्हिएन्ना करारातील हक्क द्विपक्षीय कराराने पक्के करता येतात, वाढवता येतात; या कराराचा अर्थ ते हक्क काढून घेणारा असा लावता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हेरगिरीचा आरोप असलेल्या व्यक्तीस कलम ३६ लागू नाही, हा मुद्दाही करारात तसा अपवाद नसल्याने टिकला नाही. अधिकार असल्याबद्दल न्यायालय एकमत होते. कलम ३६ चा भंग झाल्याचा निष्कर्ष १५ विरुद्ध १ मतांनी निघाला. विरोधी मत पाकिस्तानने नेमलेले तदर्थ न्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांचे होते.

अधिकाराची मर्यादा

ज्या दाराने भारत न्यायालयात शिरला, त्या दाराच्या रुंदीएवढाच दिलासा त्याला मिळाला. लष्करी न्यायालयातील सुनावणी न्याय्य नव्हती व त्यामुळे नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ चा भंग झाला, असेही भारताचे म्हणणे होते. त्या करारात आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाण्याची तरतूद नाही. पूरक कराराने दिलेला अधिकार वाणिज्यदूतीय करारापुरताच असल्याने अन्य कर्तव्यांच्या भंगाचा निवाडा आपण करू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

परिणामी शिक्षा रद्द करावी, जाधव यांची सुटका करून त्यांना सुखरूप भारतात पाठवावे, या मागण्या फेटाळल्या गेल्या. शिक्षा व दोषसिद्धी हीच कराराचा भंग ठरत नाहीत, भंग वाणिज्यदूतीय हक्क नाकारण्यात आहे, असा त्यामागचा तर्क होता. त्याऐवजी पाकिस्तानने त्यांना त्यांचे हक्क विनाविलंब कळवावेत, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्यावे, आणि कलम ३६ च्या भंगाचा शिक्षेवर काय परिणाम झाला याचे परिणामकारक पुनर्विलोकन व पुनर्विचार करावा, असा आदेश झाला. तोपर्यंत फाशीस स्थगिती कायम राहिली. पाकिस्तानने मे २०२० मध्ये यासाठी अध्यादेश काढला व नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर केले.

या खटल्याचे दोन्ही पैलू एकत्र पाहावे लागतात. १९७६-७७ मध्ये दोहोंपैकी एका राष्ट्राने जरी पूरक करारातून अंग काढून घेतले असते, तरी चाळीस वर्षांनी हा अर्ज दाखल होऊ शकला नसता. दुसरीकडे, एका करारात शर्त नाही म्हणून दुसऱ्या कराराचे वाद त्याच्या आडून आणता येत नाहीत.

इतर उदाहरणे

शर्त वैध ठरल्यास तक्रार कितीही गंभीर असली तरी न्यायालय पुढे जात नाही. युगोस्लाव्हियाने १९९९ मध्ये नाटोच्या बॉम्बवर्षावाविरुद्ध दहा राष्ट्रांवर खटले भरले. त्यांपैकी अमेरिका व स्पेन यांनी वंशसंहार कराराच्या कलम ९ ला राखीव शर्ती घातल्या असल्याने त्यांच्याविरुद्धची प्रकरणे २ जून १९९९ रोजीच न्यायालयाच्या यादीतून काढण्यात आली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने रवांडाविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात ३ फेब्रुवारी २००६ रोजी न्यायालयाने म्हटले की, वंशसंहाराची मनाई कोणत्याही राष्ट्राला मोडता न येणारा नियम आहे. परंतु नियम सर्वोच्च आहे एवढ्याने न्यायालयाला अधिकार मिळत नाही. रवांडाची शर्त वंशसंहार करण्याची मुभा मागत नव्हती, फक्त न्यायालय नाकारत होती. म्हणून ती कराराच्या हेतूशी विसंगत ठरली नाही.

शर्तीचा अर्थ लावताना राष्ट्राचा हेतू विचारात घेतला जातो. कॅनडाने मे १९९४ मध्ये उत्तर-पश्चिम अटलांटिकमधील मासेमारी-संरक्षणाचे विषय आपल्या घोषणापत्रातून वगळले. पुढील वर्षी त्याने स्पॅनिश जहाज पकडले, तेव्हा स्पेनचा खटला ४ डिसेंबर १९९८ रोजी याच अपवादावर अडला.

शर्त घालण्याची वेळ निघून गेल्यावर काही राष्ट्रे करारातूनच बाहेर पडतात. वाणिज्यदूतीय हक्कांवरून जर्मनी व मेक्सिको यांनी अमेरिकेविरुद्ध अनुक्रमे २००१ व २००४ मध्ये निकाल मिळवले. त्यानंतर मार्च २००५ मध्ये अमेरिकेने त्याच ऐच्छिक पूरक करारातून माघार घेतली. मूळ वाणिज्यदूतीय करार अमेरिकेवर आजही बंधनकारक आहे; त्याच्या भंगाबद्दल पूरक कराराच्या आधारे हेगला जाण्याचा मार्ग तेवढा बंद झाला आहे.

अन्य न्यायालये

सर्व करार राखीव शर्तींना मोकळीक देत नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीचे कलम १२० राखीव शर्तींना पूर्ण मनाई करते; भारत या संविधीचा पक्षकार नाही. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ३०९ ही करारानेच दिलेल्या मोकळिकीखेरीज शर्तींना मनाई करते, मात्र कलम २९८ नुसार सागरी सीमा किंवा लष्करी हालचाली असे ठरावीक विषय अनिवार्य वाद-निवारणातून वगळता येतात.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची भूमिका हेगपेक्षा कठोर आहे. बेलिलोस विरुद्ध स्वित्झर्लंड (१९८८) व लॉइझिडू विरुद्ध तुर्कस्तान (१९९५) या प्रकरणांत त्याने अवैध शर्त बाजूला काढून ठेवली आणि राष्ट्र शर्तीवाचूनही बांधलेले आहे, असे ठरवले. मानवी हक्कांचे करार हे राष्ट्राराष्ट्रांतील देवघेव नसून व्यक्तींना संरक्षण देणारे असतात, ही त्यामागची भूमिका आहे.

भारताच्या सद्यःस्थितीतील शर्ती

भारताने वांशिक भेदभाव निर्मूलन कराराच्या कलम २२ ला (१९६८) व स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याच्या कराराच्या कलम २९ परिच्छेद १ ला (१९९३) राखीव शर्ती जोडल्या आहेत. ही दोन्ही कलमे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्यासंबंधीची आहेत. म्हणजे या करारांतील कर्तव्ये भारताने स्वीकारली आहेत, मात्र त्यांच्या भंगाचा आरोप करून अन्य राष्ट्राला या कलमांच्या आधारे भारताला हेग येथे नेता येत नाही. परस्परतेमुळे भारतालाही या कलमांच्या आधारे दुसऱ्या राष्ट्राला तेथे नेता येत नाही.

जाधव खटल्याच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, २७ सप्टेंबर २०१९ रोजी, भारताने कलम ३६ परिच्छेद २ खालील नवे घोषणापत्र दिले. राष्ट्रकुलविषयक अपवाद त्यातही कायम आहे.

मूल्यमापन

राखीव शर्तींच्या बाजूने असे सांगितले जाते की, त्यांच्यामुळे अधिक राष्ट्रे करारात सामील होतात. न्यायालयाची सक्ती असती तर अनेक राष्ट्रे कर्तव्ये स्वीकारण्यासच पुढे आली नसती. विरोधकांचे म्हणणे असे की, दाद मागण्याची सोय नसलेले कर्तव्य कागदावरच राहण्याचा धोका असतो आणि त्याची झळ शेवटी व्यक्तीला बसते.

भारताच्या इतिहासात दोन्ही बाजू दिसतात. २००० साली शर्त होती म्हणून भारत खटल्यातून मुक्त झाला. २०१७ साली शर्त नव्हती म्हणून भारतीय नागरिकाच्या प्राणांसाठी भारताला दाद मागता आली. करारावर सही करताना राष्ट्र आपण प्रतिवादी झालो तर काय होईल याचा विचार प्राधान्याने करते. पुढे केव्हातरी आपल्याच नागरिकासाठी वादी होण्याची वेळ येऊ शकते, हे त्या वेळी सहसा दृष्टीसमोर नसते. शर्त घालावी की न घालावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ कायदेपंडितांचा राहत नाही. परदेशी गेलेल्या नागरिकाला अडचणीच्या काळी आपल्या देशाचा अधिकारी भेटू शकेल की नाही, आणि न भेटल्यास कोणाकडे जाता येईल, हे कित्येक दशकांपूर्वी केलेल्या एका सहीवर अवलंबून असते.